यंत्राच्या लेकराला झोका

बागेतल्या झोपाळ्यावर पोर बसलेले असते आणि मागे आई उभी असते. ती झोका देते म्हणजे नेमके काय करते, याचा विचार आपण कधी केलेला नसतो. झोपाळा मागे येतो, टोकाला क्षणभर थबकतो आणि पुढे निघतो. नेमक्या त्याच क्षणी आईचा तळवा पोराच्या पाठीला लागतो. क्षणभर आधी लागला तर झोपाळा अडतो, उशिरा लागला तर हात हवेत जातो. जोर जास्त झाला तर पोर रडते, कमी झाला तर "अजून, अजून" म्हणून ओरडते. हे सारे गणित ती माउली शेजारणीशी मेथीच्या जुडीचा भाव बोलता बोलता करत असते.

हेच काम यंत्राला करायला सांगितले तर?

तसे ते सांगितले गेले, आणि तेही आपल्या पुण्यात. २४ ऑगस्ट २०१४ रोजी आशिया आणि प्रशांत महासागराच्या परिसरातल्या देशांतली कॉलेजची मुले आपापले यंत्रमानव घेऊन पुण्यात जमली होती. स्पर्धेचे नाव रोबोकॉन. त्या वर्षी यजमान भारत होता आणि खेळाचा विषय होता पालकत्वाला सलाम. प्रत्येक संघाची दोन यंत्रे. एक पालक, दुसरे लेकरू. पालक-यंत्र माणसाने चालवायचे. लेकराला मात्र एकदा सोडले की कोणी हात लावायचा नाही, त्याने आपल्या बुद्धीने चालायचे. पालकाने लेकराला उचलून सी-सॉवर बसवायचे, वर-खाली करायचे. मग झोपाळ्यावर बसवून झोके द्यायचे. एकापुढे एक रोवलेल्या खांबांवरून पावले टाकत लेकराने एकट्याने जायचे आणि शेवटी जंगलजिमवर, आपल्या बागांत असतो त्या लोखंडी पिंजऱ्यावर, स्वतः चढायचे. हे सारे ज्याचे आधी पुरे होईल त्याचा जयघोष होता 'शाबास'. जपानी, चिनी, व्हिएतनामी मुलांच्या तोंडी त्या दिवशी हा आपल्या घरातला शब्द होता, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

मी तिथे प्रेक्षकांत होतो. सोबत भाचा होता आणि त्याची आई, म्हणजे माझी धुळ्याची थोरली बहीण. आम्ही तिघे तिथे कसे पोहोचलो, ते सांगायचे तर सात-आठ महिने मागे जावे लागेल. पण त्याआधी या स्पर्धेचे कूळ थोडक्यात सांगतो.

मासाहिरो मोरी हे तोक्योतल्या एका नामांकित तंत्रसंस्थेतले प्राध्यापक. माणसासारखे दिसणारे यंत्र एका मर्यादेपलीकडे माणसासारखे झाले की ते आवडण्याऐवजी त्याची शिसारी येते, हा विचार त्यांनी १९७० साली मांडला आणि तो जगभर गाजला. याच मोरींच्या कल्पनेतून १९८८ साली जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने तंत्रविद्यालयांतल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीचे कोडे मोठे मजेदार होते. विजेरीत घालतो तसले दोन सेल द्यायचे आणि तेवढ्या जोरावर माणूस बसलेली गाडी पळवून दाखवायची. दोन सेल! आपल्याकडे शेतावर पाणी द्यायला रात्री जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या बॅटरीत त्याहून जास्त असतात. पण अडचण जेवढी मोठी तेवढे डोके जास्त चालते, हे त्या प्राध्यापकाने ओळखले असावे.

पुढे २००२ साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेने ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय केली. म्हणून तर आपल्याकडे तिची सूत्रे दूरदर्शनकडे आली. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि जो यजमान तो आपल्या मातीतला खेळ, सण किंवा कथा निवडतो. जपानने फुजी पर्वत निवडला, इजिप्तने २०१० साली पिरॅमिड बांधायला लावले, थायलंडने पुढच्याच वर्षी पाण्यात दिवे सोडण्याचा सण घेतला. भारताकडे यजमानपद पहिल्यांदा आले ते २००८ साली, तेही पुण्यातच, आणि विषय होता गोविंदा. गोकुळाष्टमी होऊन आठवडा उलटला होता आणि बालेवाडीत देशोदेशींची यंत्रे उंचावरच्या मडक्यातले लोणी काढायला धडपडत होती. लोणी नेले चीनच्या शिआन जिआओटोंग विद्यापीठाने. असो.

आता धुळ्याकडे येतो.

माझा हा भाचा तेव्हा खानदेशातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. आपल्या भागात या शिक्षणाची दारे तशी उशिराच उघडली. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी धुळ्यात आणि जळगावजवळ बांभोरीला अभियांत्रिकी कॉलेजे निघाली. जळगावचे सरकारी कॉलेज तर १९९६ चे. त्याआधी इंजिनीअर व्हायचे म्हणजे पुण्या-मुंबईला किंवा औरंगाबादला जायचे, आणि तिथून बहुधा परत यायचे नाही. आमच्या भाऊजींच्या पिढीत ते कोणालाच परवडले नाही. त्यामुळे घरातला पहिला इंजिनीअर होऊ घातलेला हा मुलगा म्हणजे ताईचा जीव की प्राण.

२०१४ च्या जानेवारीत ताईचा फोन आला. "तू येऊन याला समजाव. रात्र-रात्र घरी येत नाही. म्हणे रोबो करतोय. एक विषय मागचा राहिलाय, त्याचं पुस्तक उघडून पाहात नाही." फोनवर मागे भाऊजींचा आवाज अहिराणीत चढलेला ऐकू येत होता, "त्याना मार्क भेटतीन का, ते इचार त्याले!"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. मार्क मिळणार नव्हते. उलट मुलांनी आपसांत वर्गणी काढली होती, तिच्यात माझ्याही खिशातले पाच हजार 'पुस्तकांसाठी' म्हणून आधीच गेले होते, हे मला त्या दिवशी कळले.

समजवायला म्हणून मी कॉलेजच्या वर्कशॉपात गेलो आणि रात्री साडेबाराला बाहेर पडलो. तिथे वीस-एक मुले होती, दोन मुली होत्या. एका भिंतीशी प्लायवूडचे मैदान मांडलेले, त्यावर गावच्या सुताराकडून करून घेतलेले खांब आणि बाजूला लोखंडी झोपाळा. रोबो म्हटल्यावर सिनेमातला चकचकीत माणूस डोळ्यांपुढे येतो. हा प्रकार म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा होता. त्यात मोटारीच्या काचेवरचा वायपर फिरवणारी मोटर होती, भंगारातून शोधून आणलेली. हात पुढे-मागे करायला हवेवर चालणारे सिलिंडर होते आणि ती दाबलेली हवा साठवायला चक्क थंड पेयाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या! मला वाटले, पैसे नाहीत म्हणून बिचाऱ्यांनी जुगाड केला असेल. तर भाचा म्हणाला, "मामा, बाटल्या जगभर वापरतात. वजनाला हलक्या आणि दाब चांगला सोसतात."

समजावणे बाजूला राहिले. मी एका मुलाला सर्किटवर डाग देताना बघत बसलो. वीज गेली की सगळे मोबाइलच्या उजेडात स्क्रू पिळत. कोणी कोणाला साहेब म्हणत नव्हते. पहिल्या वर्षाचा एक पोरगा चौथ्या वर्षाच्या मुलाला "तुमचं माप चुकलंय" म्हणून सांगत होता आणि तो चौथ्या वर्षाचा मुकाट्याने टेप घेऊन पुन्हा मोजत होता. आमच्या काळी हे झाले असते तर, जाऊ द्या.

मार्चमध्ये बालेवाडीला देशपातळीवरची फेरी होती. तिथला विजेता भारताचा संघ म्हणून ऑगस्टमध्ये खेळणार. सांगाडे सुटे करून, गोधड्यांत गुंडाळून, टेम्पोने मनमाड-नगर मार्गे यंत्रे पुण्याला गेली. ड्रायव्हरला प्रत्येक गतिरोधकाला हळू घ्यायला लावले म्हणून तो वैतागला होता.

तीन मिनिटांचा सामना. चार-पाच महिन्यांच्या रात्री आणि तीन मिनिटे. पहिल्याच सामन्यात लेकराचा पाय खांबावरून सटकला. सुताराने घरी करून दिलेले खांब खडबडीत होते. तिथले रंग देऊन गुळगुळीत केलेले. मुलांनी रातोरात सायकलची ट्यूब कापून पायाला चिकटवली. दुसऱ्या सामन्यात सी-सॉ उत्तम झाला. पालकाने लेकराला झोपाळ्यावर ठेवले. पहिला झोका झकास गेला. तोवर बाटल्यांतली हवा कमी झाली होती. पुढे गेलेला हात वेळेत मागे आला नाही. झोपाळा परत आला तो त्या हातावरच आदळला आणि लेकरू खाली पडले. खेळ संपला.

भाचा घरी आला तो दोन दिवस बोलला नाही. भाऊजी मात्र अनपेक्षितपणे शांत होते. "हारनाच ना? मग व्हई गयं," एवढेच म्हणाले. ताईने त्याला त्याच्या आवडीचे वांग्याचे भरीत केले आणि पुस्तक पुढ्यात आणून ठेवले. मागचा विषय त्याने उन्हाळ्यात सोडवला, हे इथेच सांगून टाकतो, कारण अनेक आयांना त्याचीच काळजी लागून राहिली असेल.

ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा बघायला जायचे त्याने ठरवले तेव्हा ताई म्हणाली, "मीही येते. एकदा बघू दे, कशापायी एवढा जीव जाळला." आणि अशा रीतीने आम्ही तिघे रातराणीने पुण्याला आलो.

तिथे जे पाहिले त्यात सर्वांत लक्षात राहिला तो व्हिएतनामचा संघ. लाक होंग विद्यापीठाची मुले. त्यांची यंत्रे आकाराने मोठी दिमाखदार होती असे नव्हे. पण कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. पालकाने लेकराला ठेवले, झोका दिला, हात आखडून घेतला, पुन्हा दिला. कामाला सरावलेल्या बाईने भाकरी थापावी तशी सारी हालचाल. त्या दिवशी 'शाबास' म्हणत अजिंक्यपद नेले ते याच मुलांनी.

ताई टक लावून पाहत होती. मध्येच म्हणाली, "अरे, झोका दिल्यावर हात लगेच काढून घ्यावा लागतो. एवढंही ठाऊक नव्हतं का तुम्हाला?"

भाचा तिच्याकडे पाहतच राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मार्चनंतर तो एवढे मोकळे हसला तो त्या दिवशी.

परतीच्या प्रवासात मी त्याला विचारले, हे लाक होंग म्हणजे तिकडचे आयआयटी का? तो म्हणाला, "नाही मामा, तेच तर." हे विद्यापीठ राजधानी हनोईत नाही की हो ची मिन्ह या महानगरात नाही. बिएन होआ नावाच्या, कारखानदारीच्या गावातले ते खाजगी विद्यापीठ आहे. पुढे २०१७ साली तोक्योत आणि २०१८ साली मायदेशी याच विद्यापीठाच्या मुलांनी पुन्हा अजिंक्यपद मिळवले. मधल्या २०१५ सालचे विजेतेही हुंग येन या व्हिएतनामच्या एका प्रांतातलेच होते. २००२ ची अगदी पहिली स्पर्धादेखील व्हिएतनामनेच जिंकली होती. २०१८ पर्यंत सात वेळा. युद्धात होरपळलेला, आपल्याहून लहान देश. आपण तोवर दोनदा यजमान झालो होतो, पण अजिंक्यपद एकदाही आपले नव्हते.

असे का, यावर मी नंतर बराच विचार केला. पैसा हे उत्तर पुरेसे नाही. मला एक कारण दिसते. तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने ही स्पर्धा पहिल्यापासून मनावर घेतली आणि ती घरोघर दाखवली. बिएन होआतल्या आईने आपल्या पोराची यंत्रे पडद्यावर पाहिलेली असतात. आपल्याकडे क्रिकेटचा सामना हरलेल्या संघातल्या बाराव्या गड्याचे नाव पोरांना पाठ असते. बालेवाडीला देशभरातून एवढी कॉलेजे येत, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. माझ्या ताईला ती स्पर्धा आधी कधी दिसली असती, तर जानेवारीतला तो फोन कदाचित वेगळा आला असता. कदाचित हाताची चूकही आधीच सापडली असती!

शाळकरी मुलांसाठीही अशा स्पर्धा आता निघाल्या आहेत. २०१७ च्या जुलैत अमेरिकेत वॉशिंग्टन येथे फर्स्ट ग्लोबल नावाची पहिली स्पर्धा झाली. दीडशेहून अधिक देश, प्रत्येकाचा एक संघ आणि सगळ्यांना सुटे भाग एकाच पेटीतून आलेले, म्हणजे श्रीमंत देशाला महागडी मोटर आणि गरिबाला साधी, असा भेद नाही. खेळ पाण्याचा होता. निळे चेंडू म्हणजे शुद्ध पाणी, नारिंगी म्हणजे दूषित, आणि यंत्राने ते वेगळे करायचे. तीन-तीन देशांची जोडणी करून सामने होत. भारताकडून गेलेली सात मुले मुंबईची होती. त्यांनी अभियांत्रिकी रचनेसाठीचे सुवर्णपदक आणि सामन्यांतले कांस्यपदक आणले. पण त्या स्पर्धेत जगाचे डोळे लागले होते ते अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींकडे. दोनदा व्हिसा नाकारल्यावर शेवटच्या घटकेला त्यांना परवानगी मिळाली आणि धैर्यासाठीचे रौप्यपदक घेऊन त्या परतल्या. आमच्या टेम्पो ड्रायव्हरचे गतिरोधक त्यापुढे काहीच नव्हते म्हणायचे.

आता जळगाव-धुळ्यातही रोबोटिक्सच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या योजनेत शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि देशातल्या हजारो शाळांत त्या प्रयोगशाळा निघाल्या आहेत. चांगलेच आहे. तरी पालक वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. फी भरली की प्रत्येकाला पदक, असल्या स्पर्धाही पुष्कळ आहेत. मुलाने घरी आणलेले यंत्र त्याला उलगडून दाखवायला सांगा. कुठला भाग आधी मोडला होता आणि मग काय केले, हे तो सांगू लागला, तर फी वसूल झाली असे समजा. मोडलेच काही नसेल, तर ते यंत्र क्लासवाल्यांनी केलेले आहे. आणि शाळेतली ती प्रयोगशाळा कुलूपबंद कपाटात आहे की पोरांच्या हातात, तेही एकदा जाऊन पाहायला हरकत नाही. साहित्य खराब होईल या भीतीने ते जपून ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचाही दोष नाही. हिशेब त्यांनाच द्यावा लागतो.

भाचा पुढच्या वर्षी पुन्हा संघात होता. तेव्हा विषय होता बॅडमिंटन, कारण यजमान होता इंडोनेशिया. त्या वर्षीही ते हरले, पण तीन सामने खेळून. आता तो चाकणच्या एका कारखान्यात आहे. तिथे माणसाच्या हातासारखी यंत्रे जोडणीचे काम करतात आणि ती बंद पडली की याला बोलावणे येते. खानदेशातल्या मुलांनी शिकून चाकणला जावे, हे आता ठरल्यासारखेच झाले आहे. त्याबद्दल ताईचे जे म्हणणे आहे ते पुन्हा कधीतरी.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "मामा, यंदा स्पर्धा दिल्लीत आहे. विषय काय असेल?" मी म्हटले, सांग. तो म्हणाला, "लगोरी!" मग अर्धा तास तो नियम सांगत होता. आपल्या सात ठिकऱ्यांऐवजी पाच चकत्या, मोठीवर लहान अशा रचलेल्या. यंत्राने चेंडू मारून त्या पाडायच्या. त्यासाठी तीस सेकंद आणि तीन चेंडू. मग साठ सेकंदांत पुन्हा रचायच्या. रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला, तो समोरच्या संघाने मारून पाडला की गडी बाद. पांझरेच्या काठी आम्ही खेळायचो तेव्हा पाठीत बसलेला चेंडू मला आठवला. ताईलाही त्याने फोन केला होता. तिने त्याला एवढेच विचारले म्हणे, की रचताना खालची ठिकरी हलते, ती दाबून धरायला यंत्राला दुसरा हात दिलाय का?

२०१४ चे ते पालक-यंत्र पुढच्या वर्षी मोडून त्याचे भाग नव्या यंत्राला लावले गेले. वायपरची मोटर कुठे गेली कोणाला आठवत नाही. ॲल्युमिनियमचा मधला चौकोनी सांगाडा मात्र भाचा घरी घेऊन आला होता. तो धुळ्याच्या गच्चीवर आहे. चैत्रात ताई त्यावर जुने लुगडे ताणून बांधते आणि बिबड्या वाळत घालते. गंजत नाही, वाऱ्याने हलत नाही, उचलायला हलका. यंदा एका कोपऱ्याचा स्क्रू ढिला झाला होता. तो आवळायला तिने मला शिडी धरून वर पाठवले.